टेनिस पंचांची दोन दिवसांची कार्यशाळा : खुर्ची शिकवली, कोर्ट राहून गेलं

कोल्हापुरात पंच म्हटलं की आधी खासबागेतली कुस्ती आठवते, मग शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल. टेनिसचा पंच कुणाला आठवत नाही, कारण जिल्हा पातळीवरच्या बहुतेक सामन्यांत तो खुर्चीवर नसतोच. कोर्टवर दोन पोरं, कोर्टभोवतीच्या जाळीला नाक लावून उभे असलेले पालक आणि मांडवात ड्रॉचा, म्हणजे सामन्यांच्या जोड्यांचा, कागद घेऊन बसलेला एकटा रेफ्री, म्हणजे स्पर्धेचा मुख्य पंच, असा सगळा कारभार. ‘आउट’ कोण देणार? पोरंच देणार. २०२२ साली याच जिल्ह्यातली ऐश्वर्या जाधव विम्बल्डनच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत खेळून आली. खेळाडू तिथवर पोचतात आणि गावच्या स्पर्धेत मात्र ‘स्कोअर ३–२ की २–३’ यावर अर्धा तास जातो.

म्हणून शहरातल्या एका खासगी अकादमीने हौशी पंचांसाठी शनिवार-रविवारची कार्यशाळा सुरू केली, हे बरंच झालं. वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ५. फी २,००० रुपये. त्यात दोन्ही दिवसांचा नाश्ता, जेवण, दोनदा चहा, स्पायरल बाइंडिंगची पुस्तिका आणि शेवटी प्रमाणपत्र. बॅच वीस-बावीस जणांची. कॉलेजची मुलं, शाळांतले पीटीचे शिक्षक, काही पालक, दोन-चार जुने खेळाडू. कोर्ट तीन : दोन हार्ड, एक मातीचं. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे, कारण मातीचं कोर्ट समोर असूनही त्याचा पुरेसा उपयोग करून घेतला नाही.

थोडक्यात मत हवं असेल तर असं : पहिला दिवस पैसे वसूल, दुसरा दिवस अर्धा वाया. का, ते पुढे.

आधी प्रमाणपत्राबद्दल, कारण जाहिरातीत ‘सर्टिफाइड अंपायर व्हा’ असं मोठ्या अक्षरात छापलंय आणि त्यावरून गैरसमज होतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या पंचांच्या पात्रतेच्या शिडीवर तळाला राष्ट्रीय पातळीचा ग्रीन बॅज आहे. त्यावर व्हाइट बॅज, आणि चेअर अंपायरसाठी, म्हणजे खुर्चीवरच्या पंचासाठी, पुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. रेफ्री आणि चीफ अंपायर यांच्या वाटेत ब्राँझ नसतो, व्हाइटवरून थेट सिल्व्हर. या कार्यशाळेचा कागद त्या शिडीच्या पहिल्या पायरीवरही बसत नाही. तो ‘दोन दिवस हजर होते’ याचा दाखला आहे, इतकंच समजावं. क्लबच्या, शाळांच्या, सोसायटीच्या स्पर्धांत तो चालेल, आणि हे काम काही लहान नाही. पण ज्याला पुढे बॅजकडे जायचंय त्याला राज्य आणि अखिल भारतीय संघटनेच्या वाटेनेच जावं लागेल. आयोजकांनी हे पहिल्या तासातच स्पष्ट सांगायला हवं होतं. कुणीतरी विचारल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं.

आता चांगलं ते.

सकाळचं पहिलं सत्र कोर्टाच्या मापांचं होतं आणि ते वर्गात न घेता मोजपट्टी हातात देऊन कोर्टवर घेतलं. नेटची मधली उंची ०.९१४ मीटर, म्हणजे बरोबर तीन फूट. खांबापाशी १.०७ मीटर. मोजायची काठी नसेल तर एक रॅकेट उभी धरायची आणि तिच्या टोकावर दुसरीचं डोकं आडवं ठेवायचं, हा जुना जुगाड सगळ्यांना माहीत असतो. पण रॅकेटची लांबी साधारण २७ इंच असली तरी डोक्याची रुंदी कंपनीगणिक बदलते, त्यामुळे इंचभर चूक सहज होते, हे इथे प्रत्यक्ष मोजून दाखवलं. मधला पट्टा खाली हुकाला घट्ट ओढायच्या आधी खांबाची केबल पुरेशी ताणलेली हवी. केबल सैल असली की पट्टा सोडल्यावर नेट वरच उचललं जात नाही, मध्ये माप बरोबर दिसतं आणि दोन्ही बाजूंना झोळ राहतो.

त्याहून मोलाचा भाग सिंगल्स स्टिकचा. आपल्याकडे बहुतेक कोर्टांवर डबल्सचं नेट कायम बांधलेलं असतं आणि सिंगल्सचे सामने त्यावरच उरकले जातात. नियमाप्रमाणे सिंगल्सच्या साइडलाइनच्या बाहेर ०.९१४ मीटरवर दोन्हीकडे काठी लावून तिथे नेट १.०७ मीटरवर उचलायचं असतं. काठी नसली तर फरक किती पडतो? नेट मधून खांबापर्यंत सरळ रेषेत चढतं असं धरून हिशेब केला, तर साइडलाइनच्या वर नेट जवळजवळ ३ सेंटिमीटर खाली राहतं. रेषेवरून मारलेल्या पासिंग शॉटला तेवढं पुरतं. प्रशिक्षकाने काठ्या लावून आणि काढून दोन्ही मापं घेऊन दाखवली. असल्या गोष्टी यूट्यूबवर बघून डोक्यात शिरत नाहीत. काठ्या स्थानिक सुताराकडून करून घेता येतात. जाडी ७.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि वरच्या टोकाला नेटची केबल बसेल अशी खाच हवी. खाच नसेल तर चेंडू लागला की काठी निसटून पडते आणि मग तो पॉइंट कुणाचा यावर नवा वाद.

स्कोअरकार्डचं सत्र हे या दोन दिवसांतलं सगळ्यात सरस. पेन बंद, पेन्सिलच. प्रत्येक गेमला दोन ओळी, वरची सर्व्हिस करणाऱ्याची, खालची घेणाऱ्याची, म्हणजे ती परतवणाऱ्याची. पॉइंट जिंकला की त्याच्या चौकटीत तिरकी रेघ. ऐसला (समोरच्याच्या रॅकेटलाही न लागलेली सर्व्हिस) रेघेऐवजी ‘ए’, डबल फॉल्टला (दोन्ही सर्व्हिस चुकल्या) घेणाऱ्याच्या चौकटीत ‘डी’, कोड व्हायोलेशनला (वागणुकीच्या नियमाचा भंग) ‘सी’, टाइम व्हायोलेशनला (वेळेच्या नियमाचा भंग) ‘टी’. आणि नवख्यांकडून हमखास राहणारी खूण म्हणजे पहिली सर्व्हिस फॉल्ट, म्हणजे चुकीची, गेली की सर्व्हरच्या चौकटीच्या तळरेषेवर मधोमध एक ठिपका. क्षुल्लक वाटतो, पण शेजारच्या कोर्टवरून चेंडू घरंगळत आला, खेळ थांबला, पोरं आपसात बोलली, आणि मग ‘पहिली की दुसरी’ हा प्रश्न आला की त्या ठिपक्याशिवाय तुमच्याकडे उत्तर नसतं.

इथे क्रमही घोटून घेतला. पॉइंट संपला की आधी हरलेल्या खेळाडूकडे बघायचं, मग स्कोअर बोलायचा, मग लिहायचं. नवखा माणूस नेमकं उलटं करतो. मान खाली घालून आधी लिहितो, तेवढ्यात समोर रॅकेट आपटलेली असते आणि याला फक्त आवाज ऐकू येतो. हरलेल्याकडेच का बघायचं, कारण तक्रार, शिवी, चेंडू जाळीपार भिरकावणं हे सगळं तिथूनच निघतं. जिंकणारा काही करत नाही, मूठ आवळतो आणि पुढच्या सर्व्हिसला जातो. प्रत्येकाकडून एकेक गेम असा करून घेतला. तिसऱ्या-चौथ्या माणसापर्यंत आवाजही मोकळे झाले. कोल्हापूरकरांना आवाज काढायला शिकवायला लागत नाही म्हणतात, पण खुर्चीवर बसवलं की भल्याभल्यांचं ‘थर्टी ऑल’ घशातच राहतं.

स्कोअर इंग्रजीत, समजूत मराठीत, हा प्रशिक्षकाचा सल्ला व्यवहाराला धरून आहे. ‘गेम, पाटील. पाटील लीड्स, थ्री गेम्स टू टू’ हे ठरलेल्या साच्यातच बोलायचं. पण बारा वर्षांच्या मुलाला नियम समजावताना इंग्रजी झाडलं तर तो मान हलवतो आणि कळलेलं काहीच नसतं.

दुपारी, जेवणानंतर, चुका दुरुस्त करण्याच्या नियमाचं सत्र. जेवणात पांढरा रस्सा होता, त्यामुळे ही वेळ निवडणाऱ्याचं धाडस मानायला हवं. तरी सत्र टिकलं, कारण भाषण नव्हतं. डब्यात प्रसंगांच्या चिठ्ठ्या, एक उचलायची, मोठ्याने वाचायची, निकाल द्यायचा. मूळ तत्त्व एकच : चूक कळली तरी तोवर खेळलेले पॉइंट कायम. पुढचं प्रकारागणिक वेगळं. कोर्टच्या डाव्या-उजव्यातल्या चुकीच्या बाजूने सर्व्हिस चालली असेल तर कळताक्षणी बाजू बदलायची, आणि त्याआधी पडलेला फॉल्ट धरायचा. सिंगल्समध्ये चुकीचा खेळाडूच सर्व्हिस करत असेल तर कळताक्षणी योग्य खेळाडूकडे सर्व्हिस द्यायची, पण चुकीच्याने टाकलेला फॉल्ट धरायचा नाही. अख्खा गेम संपून गेला असेल तर बदललेला क्रम तसाच पुढे चालवायचा.

टायब्रेकची, म्हणजे बरोबरीतल्या सेटचा निकाल लावणाऱ्या गेमची, चिठ्ठी आली तेव्हा अर्धा वर्ग चुकला. टायब्रेकमध्ये सर्व्हिसचा क्रम चुकलाय हे सम संख्येच्या पॉइंटनंतर लक्षात आलं, समजा ४–२ वर, तर लगेच दुरुस्ती. विषम संख्येनंतर लक्षात आलं, समजा ३–२ वर, तर चुकलेला क्रमच पुढे चालू. डबल्समध्ये सर्व्हिस घेण्याची बाजू चुकली असेल तर तो गेम तसाच संपवायचा आणि त्याच सेटमध्ये ती जोडी पुढच्या वेळी सर्व्हिस घ्यायला येईल तेव्हा मूळ क्रम आणायचा. हे पाठ करून राहत नाही. चिठ्ठ्यांचा डबा घरी नेऊ देतात का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. देत नाहीत. द्यायला हवा, किमान फोटोकॉपी तरी.

पहिला दिवस इथे संपतो. दुसऱ्या दिवशीची सकाळ, जवळजवळ तीन तास, लाइन अंपायरच्या, म्हणजे रेषेपाशी उभं राहून चेंडू आत की बाहेर सांगणाऱ्याच्या, हातवाऱ्यांवर जाते. आउटला आधी आवाज आणि मग हात खांद्याच्या रेषेत आडवा. चेंडू आत असेल तर तळवे जमिनीकडे करून दोन्ही हात जुळवायचे. दिसलं नाही तर हात डोळ्यांसमोर. चुकीचा पुकारा झाला तर हात वर करून ‘करेक्शन’. शिस्तीत घेतलं, चूक काही नाही. पण कोल्हापुरातल्या किती स्पर्धांत लाइन अंपायर उभे राहतात? आणि वरच्या पातळीवर तर ही जागाच आक्रसत चालली आहे. ऑस्ट्रेलियन ओपनने २०२१ मध्ये सगळ्या कोर्टांवर यंत्राचा पुकारा आणला. २०२५ पासून पुरुषांच्या एटीपी टूरवर तीच पद्धत लागू झाली आणि त्याच वर्षी विम्बल्डननेही लाइनवरची माणसं काढली. तेव्हा खाली गरज नाही आणि वर मागणी नाही, अशा कामाला दोन दिवसांतले तीन तास देणं हा हिशेब जुळत नाही. चाळीस मिनिटांत उरकलं असतं.

हे तास जिथे जायला हवे होते तो विषय म्हणजे खुर्चीवर पंच नसलेला सामना. त्याला दिलेला वेळ : पाऊण तास, तोही वर्गात, स्लाइडवर.

इथे सविस्तर सांगतो, कारण गावोगावच्या स्पर्धांत पंचाचं खरं काम हेच असतं. दोन-तीन कोर्टांवर फिरतं लक्ष ठेवणाऱ्याला रोव्हिंग अंपायर म्हणतात. खुर्ची असलेल्या सामन्याचे नियम आणि खुर्ची नसलेल्या सामन्याची पद्धत यांत फरक आहे, आणि ते फरक माहीत नसले की चांगल्या मनाचा पंचसुद्धा घोळ वाढवतो. कार्यशाळेत नेमका असाच एक घोळ शिकवला गेला. मातीच्या कोर्टवर चेंडूची खूण बघायला खेळाडूने नेट ओलांडायचं नाही, असं सांगितलं. खुर्चीवर पंच असताना ते बरोबर आहे, ओलांडलं तर कोड व्हायोलेशन होऊ शकतं. पण पंच नसताना समोरच्याच्या ‘आउट’बद्दल शंका असेल तर खेळाडू खूण दाखवायला सांगू शकतो आणि ती बघायला नेटच्या पलीकडे जाऊ शकतो. मातीवर ‘आउट’ देणाऱ्याला खूण दाखवता आली पाहिजे आणि खूण पुसली तर पुकारा सोडून दिला असं धरतात. हा फरक न सांगता बावीस जणांना परत पाठवलं, तर त्यातला कुणीतरी पुढच्या महिन्यात एखाद्या पोराला विनाकारण वॉर्निंग देणार.

दुसरा घोळ परदेशी व्हिडिओने केला. खेळाडूने ‘आउट’ म्हटलं आणि लगेच लक्षात आलं की चेंडू आत होता, तर काय? व्हिडिओ अमेरिकेतला होता आणि त्यात सांगितलं की म्हणणाऱ्याचा पॉइंट गेला. अमेरिकेच्या क्लब टेनिसच्या संहितेत तसं आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पद्धतीत मात्र पॉइंट पुन्हा खेळतात. अपवाद दोनच : तो चेंडू एरवीही पॉइंट जिंकणारा फटका असेल, किंवा त्याच खेळाडूने त्या सामन्यात आधी एकदा असाच चुकीचा पुकारा केला असेल. या दोन्हींत पॉइंट जातो. म्हणजे पहिली चूक माफ आणि दुसरी महाग. पोरांच्या सामन्यात हे टॉसच्या वेळीच सांगून ठेवलं तर पुकारे आपोआप सावध होतात.

आणि स्कोअरचा वाद. या एका गोष्टीवर अख्खं सत्र व्हायला हवं होतं. तत्त्व सोपं आहे : दोघांना मान्य असलेले पॉइंट आणि गेम धरायचे, वादातले तेवढे बाजूला ठेवायचे. एक म्हणतो ४०–३०, दुसरा म्हणतो ३०–४०. विचारत गेल्यावर कळतं की फक्त पहिला पॉइंट कुणाचा यावर मतभेद आहे. मग प्रत्येकाचे दोन-दोन पॉइंट दोघांना मान्य आहेत, म्हणून ३०–३० पासून पुढे. गेमचंही तसंच. दोघेही स्वतःला ४–३ ने पुढे समजतात आणि भांडण पहिल्या गेमचंच असेल, तर ३–३ पासून खेळायचं, आणि शेवटच्या गेममध्ये ज्याने सर्व्हिस घेतली तो आता सर्व्हिस करणार.

पण हे तत्त्व लावण्याआधी चौकशी करावी लागते आणि ती कशी करायची हे कुणी शिकवत नाही. शेवटच्या पॉइंटपासून मागे जायचं, कारण तोच ताजा असतो. कोण काय म्हणतो यापेक्षा कोण कुठे उभा होता हे विचारायचं. गेममधल्या पॉइंटांची बेरीज सम असेल तर सर्व्हिस उजव्या बाजूने होते, विषम असेल तर डावीकडून. तेव्हा एक जण ३०–१५ म्हणतोय आणि दुसरा ३०–३०, तर ‘आत्ता सर्व्हिस कुठून करणार होतास?’ एवढ्या एका प्रश्नावर बऱ्याचदा निकाल लागतो. गेमचा वाद असेल तर बाकं बघायची. बाजू विषम गेमनंतर बदलतात, म्हणजे पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या. पाण्याची बाटली कुठे आहे, शेवटचं बसून उठणं कधी झालं, पहिली सर्व्हिस कुणाची होती, यावरून झालेल्या गेमची संख्या सम की विषम हे निघतं आणि दोघांपैकी एकाचा दावा गळून पडतो. पालकांना विचारायचं नाही. त्यांना स्कोअर माहीत असतो, पण फक्त आपल्या पोराचा.

यावर सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे नेटच्या खांबाला अडकवायचे पलटी आकड्यांचे बोर्ड. प्रत्येक बाजूबदलाला खेळाडूंनीच पलटायचे. सर्व्हरने प्रत्येक पहिल्या सर्व्हिसआधी स्कोअर मोठ्याने म्हणायचा हा नियम आहेच. बोर्ड आणि हा पुकारा, दोन्ही पाळले तर गेमचे वाद जवळजवळ संपतात. आयोजकांच्या तिन्ही कोर्टांवर बोर्ड एकही नव्हता.

फूट फॉल्टबद्दलही, म्हणजे सर्व्हिस करताना पाय रेषेला लागण्याबद्दलही, हीच गत. पंच नसलेल्या सामन्यात सर्व्हिस घेणारा खेळाडू समोरच्याचा फूट फॉल्ट देऊ शकत नाही. रोव्हिंग अंपायर देऊ शकतो, पण त्याने कोर्टच्या आत उभं असायला हवं. जाळीबाहेरून, चहाचा कप हातात घेऊन, ‘फूट फॉल्ट!’ असं ओरडायचं नाही. कार्यशाळेत पाय रेषेला कधी लागला धरायचा हे उत्तम शिकवलं, कुठे उभं राहून द्यायचा हे सांगायचं राहिलं.

हार्ड कोर्टवर उघड चुकीचा पुकारा रेफ्रीच्या डोळ्यांदेखत झाला तर? पहिल्या वेळी तो अनवधानाने झालेला अडथळा धरून पॉइंट पुन्हा खेळवायचा, आणि खेळाडूला तिथेच सांगायचं की पुन्हा असं झालं तर मुद्दाम केलेलं धरून पॉइंट जाईल. हे वाक्य शांतपणे, दोघांनाही ऐकू जाईल असं, पण पालकांना उद्देशून न बोलता कसं म्हणायचं, याचा सराव दहादा करावा लागतो. स्लाइड वाचून तो होत नाही.

मग हा भाग शिकवायचा कसा? कोर्ट तीन आहेत, माणसं बावीस आहेत, आणखी काही लागत नाही. प्रत्येक कोर्टवर दोघांना खेळायला लावायचं, त्यांच्या हातात गुपचूप चिठ्ठी द्यायची : ‘तिसऱ्या गेममध्ये स्कोअर एकाने चुकीचा सांग’, ‘आत पडलेला चेंडू आउट दे’, ‘दोनदा खिशातून चेंडू पाड’, ‘बाजू बदलायला विसर’. एक जण तिन्ही कोर्टांवर फिरता पंच, वीस मिनिटांची पाळी. बाकीच्यांपैकी चौघांनी पालक व्हायचं आणि जाळीमागून कोचिंग करायचं, ओरडायचं. हे काम लोक फार मन लावून करतील. पाळी संपली की पाच मिनिटं फक्त एवढंच : किती वेळात कोर्टवर पोचलास, आधी कुणाला विचारलंस, निकाल दोघांना एकदम सांगितलास का. लाइन अंपायरच्या सत्रातले दोन तास काढले तर प्रत्येक कोर्टचा सराव यात बसतो, तिसऱ्या दिवसाची गरज नाही.

मातीच्या कोर्टवर खूण वाचण्याचा सरावही याच वेळात घेता येतो. खूण सलग, पूर्ण लंबगोल दिसते आणि तिच्यात व रेषेत मातीची फट आहे, तर आउट. खूण रेषेपाशी तुटलेली, अर्धवट वाटते, तर उरलेला भाग रेषेवर पडला आहे, चेंडू आत. मुख्य अडचण वेगळीच असते : ही त्याच चेंडूची खूण आहे का? फटक्याची दिशा आणि खुणेचा कल जुळतो का ते बघायचं, दोघांना आधी खूण दाखवायला सांगायची आणि मगच वाकायचं. दोघांनी वेगवेगळी खूण दाखवली आणि ठरवता आलं नाही, तर मूळ पुकारा कायम. प्रत्येक सामन्याआधी रेषा झाडून घेतल्या नसतील तर हे सगळं व्यर्थ, मातीखाली गेलेली रेषा कुणालाच दिसत नाही.

पुस्तिकेबद्दल दोन शब्द. छपाई स्वच्छ, आकृत्या चांगल्या, पण मजकूर जुना. दोन पॉइंटांमध्ये २० सेकंद असं छापलंय, आता नियम २५ सेकंदांचा आहे. बाजूबदलाचे ९० सेकंद आणि सेटनंतरचे १२० बरोबर आहेत, पण प्रत्येक सेटच्या पहिल्या गेमनंतर आणि टायब्रेकमध्ये बसायचं नाही, नुसती बाजू बदलायची, हे छापायचं राहिलंय. कोचिंगवर सरसकट बंदी लिहिली आहे. १ जानेवारी २०२५ पासून नियम बदलला आणि स्पर्धा घेणाऱ्या संस्थेला कोर्टबाहेरून कोचिंगची मुभा देता येते. म्हणजे पंचाने आता स्पर्धेआधी विचारून घ्यायचं की इथे मुभा आहे की नाही. पुस्तिका वाचून गेलेला पंच प्रशिक्षकाला हटकणार आणि तोंडघशी पडणार. एक पानाची दुरुस्तीपत्रिका घालायला कितीसा खर्च येतो?

शेवटी परीक्षा. पन्नास प्रश्न, पर्यायी उत्तरं, आणि प्रात्यक्षिकाला खुर्चीवर एक गेम. एक गेम म्हणजे तीन-चार मिनिटं. त्यात चाळीस-लव्हने गेम संपला तर माणसाला ड्यूससुद्धा म्हणावा लागत नाही. सगळे पास झाले. सगळे पास होतात तिथे परीक्षा घेतली काय आणि न घेतली काय.

यात सुधारणा करायची तर प्रमाणपत्र दोन टप्प्यांत द्यावं. कार्यशाळा संपल्यावर फक्त शिकाऊ पत्र. मग सहा महिन्यांत दहा सामने, त्यातले निदान सहा खुर्चीविना. प्रत्येकाची नोंद वहीत : तारीख, कोर्टचा प्रकार, किती वेळा कोर्टवर जावं लागलं, काय निकाल दिला. त्यातले तीन सामने अनुभवी पंचाने बघून पानभर अभिप्राय लिहायचा. गुणांपेक्षा तीन-चार मुद्दे पुरतात : वेळेवर हजर होता का, नेट आणि काठ्या स्वतः तपासल्या का, निर्णय ऐकू आला का, वादानंतर खेळ किती मिनिटांत सुरू झाला. हे झालं की पक्कं प्रमाणपत्र, तेही एका वर्षापुरतं. नूतनीकरणाला नियमबदलांची छोटी चाचणी आणि डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी. आंतरराष्ट्रीय पंचांकडून चष्म्यासह पूर्ण नजरेची अपेक्षा असते. आपल्याकडे चष्म्याचा नंबर वाढलाय हे पंचाला लाइनवरच्या दोन चुकांनंतर कळतं.

आणखी एक गोष्ट, जी लहान शहरात अवघड जाते पण टाळून चालत नाही. आपल्याच अकादमीच्या मुलाच्या सामन्याला प्रशिक्षकाने पंच म्हणून उभं राहायचं नाही, पालकाने आपल्या मुलाच्या कोर्टवर फिरायचं नाही. माणसं कमी पडतात हे खरं, पण बावीस जण दर बॅचला तयार होत असतील तर कोर्टांची अदलाबदल करून हे जमतं. कार्यशाळेत हा विषय निघालाच नाही, बहुधा समोर बसलेले निम्मे लोक कुणाचे तरी प्रशिक्षक किंवा पालक होते म्हणून.

तरी जावं का? शाळेच्या स्पर्धा घेणाऱ्या शिक्षकाने जरूर जावं, मापं आणि स्कोअरकार्ड यासाठीच दोन हजार वसूल होतात. टेनिस अजिबात न खेळलेल्याला पहिल्या दिवशी धावपळ होईल, त्याने आधी दोन-तीन सामने बघून यावं. आधीच पंचगिरी करणाऱ्याने पुढच्या बॅचला विचारून घ्यावं की खुर्चीविना सामन्याला किती तास आहेत. उत्तर ‘पाऊण’ आलं तर थांबावं.

जाताना टोपी, पाण्याची मोठी बाटली, दोन पेन्सिली, खोडरबर आणि सेकंद दाखवणारं घड्याळ न्या. मोबाइलचं स्टॉपवॉच चालतं, पण खुर्चीवर मोबाइल हातात दिसला की पालकांना वाटतं पंच व्हॉट्सअ‍ॅप बघतोय. पाच मीटरची मोजपट्टी स्वतःची असू द्या, तिथे दोनच आहेत आणि त्यातल्या एकीचं पहिलं टोक वाकलेलं आहे.